माहिती मालकाची नव्हे, कंपनीची

भोसरी असो, सातपूर असो की बुटीबोरी, औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या खासगी कंपनीच्या संचालकांशी गोपनीयतेचा विषय काढला की एक वाक्य हमखास ऐकायला मिळते: “अहो मॅडम, कंपनी आमचीच आहे. तिची माहिती कोणाला द्यायची ते आम्हीच ठरवणार ना?” कंपनी सेक्रेटरी म्हणून काम करताना या प्रश्नाचे उत्तर मला वारंवार द्यावे लागते आणि ते बहुतेकांना रुचत नाही. सगळे भागभांडवल एकाच घरातले असले तरी कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने वेगळी व्यक्ती आहे. तिची ग्राहकांची यादी, तिने दिलेली कोटेशन्स, सुट्या भागांची ड्रॉइंग्ज, पुरवठादारांशी ठरलेले दर आणि बँकेकडे मांडलेले विस्ताराचे आराखडे ही तिची मिळकत आहे. भागधारक म्हणून तुम्ही शेअर्सचे मालक असाल, पण संचालक म्हणून खुर्चीवर बसता तेव्हा या माहितीचे तुम्ही विश्वस्त असता. संचालकांच्या या बाबतीतल्या जवळजवळ सगळ्या कायदेशीर जबाबदाऱ्या याच एका भेदातून निघतात आणि बहुतेक भानगडीही तो भेद विसरल्यामुळेच होतात.

१९५६ च्या कंपनी कायद्यात संचालकांची कर्तव्ये एका ठिकाणी लिहिलेली नव्हती. ती न्यायालयांच्या निवाड्यांतून, त्यातही बरीचशी इंग्लंडमधल्या जुन्या निवाड्यांतून शोधावी लागत. २०१३ च्या कायद्याने ती कलम १६६ मध्ये आणली आणि हे कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. गंमत अशी की या कलमात ‘गोपनीय’ हा शब्द कुठेच नाही. संचालकाने कंपनीच्या हितासाठी सद्भावनेने वागावे, वाजवी काळजी, कौशल्य आणि तत्परता दाखवावी, स्वतंत्रपणे निर्णय घ्यावा, आपले हित कंपनीच्या हिताच्या आड येईल अशा स्थितीत स्वतःला गुंतवू नये आणि स्वतःसाठी किंवा नातेवाईक, भागीदार, सहकाऱ्यांसाठी गैरवाजवी लाभ मिळवू नये, एवढेच ते सांगते. पण माहिती फोडणारा किंवा ती स्वतःच्या फायद्यासाठी वापरणारा संचालक यांपैकी एका नव्हे, तीन-चार पोटकलमांचा एकाच वेळी भंग करतो. दंड एक लाख ते पाच लाख रुपये आहे. तो ऐकून लोक निर्धास्त होतात, पण खरा दणका दंडाचा नसतो. गैरवाजवी लाभ सिद्ध झाला तर तेवढीच रक्कम कंपनीला परत द्यावी लागते आणि त्याशिवाय न्यायालयाचा मनाई हुकूम आला तर नव्याने थाटलेला धंदा सुरू होण्याआधीच थंडावतो.

हा परतफेडीचा नियम किती कठोर आहे हे १९७२ मधल्या एका इंग्लिश खटल्यावरून चांगले कळते. कूली नावाचे वास्तुविशारद एका बांधकाम सल्लागार कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक होते. ईस्टर्न गॅस बोर्डाला डेपो बांधून हवे होते, पण त्या कंपनीला काम देण्याची बोर्डाची इच्छा नव्हती. कूली यांना मात्र वैयक्तिकरीत्या ते काम देण्याची बोर्डाची तयारी होती. कूली यांनी प्रकृतीचे कारण सांगून कंपनीतून सुटका करून घेतली आणि काम स्वतः घेतले. ही माहिती मला व्यक्तिशः मिळाली होती आणि कंपनीला हे कंत्राट बहुधा मिळालेच नसते, हा त्यांचा बचाव टिकला नाही. संचालक असताना कंपनीच्या दृष्टीने महत्त्वाची माहिती हाती आली, ती त्यांनी कंपनीपुढे ठेवली नाही, म्हणून मिळवलेला नफा कंपनीच्या स्वाधीन करावा, असा निकाल लागला. कंपनीचे नुकसान झाले की नाही हा प्रश्नच न्यायालयाने गौण मानला. “आमच्या कंपनीला ती ऑर्डर नकोच होती” असे सांगत तीच ऑर्डर पत्नीच्या नावावरच्या फर्मकडे वळवणाऱ्या संचालकांनी हा निकाल जरूर वाचावा, असे मला वाटते.

स्वतंत्र संचालकांच्या बाबतीत कायदा अधिक स्पष्ट बोलतो. कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात त्यांच्यासाठी जी आचारसंहिता आहे, तिच्यात व्यापारी गुपिते, तंत्रज्ञान, जाहिरात आणि विक्रीवाढीचे बेत, तसेच शेअरच्या भावावर परिणाम करू शकणारी अप्रकाशित माहिती, संचालक मंडळाची स्पष्ट परवानगी असल्याशिवाय किंवा कायद्याने भाग पाडल्याशिवाय उघड करू नये, असे लिहिले आहे. यावरून काही जण असा अर्थ काढतात की इतर संचालकांना हे बंधन नाही. मला तो अर्थ मुळीच पटत नाही. बाहेरून आलेल्या, कंपनीत मोठा आर्थिक हितसंबंध नसलेल्या माणसाला जे बंधन आहे ते रोजचा कारभार पाहणाऱ्याला नसावे, असे मानले तर कलम १६६ मधल्या सद्भावनेला काही अर्थच उरत नाही.

हे झाले माहिती स्वतः न फोडण्याबद्दल. छोट्या कंपन्यांमध्ये त्याहून दुर्लक्षित राहतो तो दुसरा भाग, म्हणजे माहिती सुरक्षित राहील अशी व्यवस्था करण्याची जबाबदारी. येथे ‘वाजवी काळजी’ या दोन शब्दांमध्ये काय काय येते, हे नियम वाचल्याशिवाय कळत नाही. नोंदी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवणाऱ्या कंपनीत त्या नोंदींच्या देखभालीची आणि सुरक्षेची जबाबदारी व्यवस्थापकीय संचालक, कंपनी सेक्रेटरी किंवा मंडळ ठरवील त्या अन्य संचालकावर वा अधिकाऱ्यावर असते, असे २०१४ च्या व्यवस्थापन आणि प्रशासन नियमांतील २८ वा नियम सांगतो. ‘कॉम्प्युटरवाला बघतो’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही, कारण कॉम्प्युटरवाला बाहेरचा कंत्राटदार असतो आणि त्याचे नाव मंडळाच्या एकाही ठरावात नसते. हिशेबाची पुस्तके संगणकावर असतील तर त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवायचा असतो, तोही २०२२ च्या दुरुस्तीपासून रोजच्या रोज. आणि १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक नोंदीतला बदल कोणत्या तारखेला झाला याची पुसता न येणारी नोंद ठेवणारेच सॉफ्टवेअर वापरावे लागते. प्रत्यक्षात महिन्याच्या अखेरीस अकाउंटंट पेन ड्राइव्हवर टॅलीचा बॅकअप घेतो, तो पेन ड्राइव्ह त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्याला लटकत असतो आणि कंपनीची आठ वर्षांची उलाढाल रोज पीएमपीएमएलच्या बसने घरी जाऊन परत येते.

याहून चमत्कारिक प्रकार डिजिटल सिग्नेचरचा. कित्येक संचालकांची डीएससी टोकन्स, म्हणजे डिजिटल सही साठवलेली पेन ड्राइव्हसारखी उपकरणे, सल्लागाराच्या कार्यालयातल्या खणात, रबरबँड लावलेल्या पाकिटात पडून असतात. पाकिटावर पेन्सिलीने नाव लिहिलेले असते आणि टोकनाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर पिन. घरातली एखादी व्यक्ती केवळ कायद्याला दोन संचालक लागतात म्हणून मंडळावर असेल, तर तिने आपले टोकन कधी पाहिलेलेही नसते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४२ सांगते की आपल्या स्वाक्षरीच्या खासगी कळीवर (प्रायव्हेट की) ताबा राखण्यासाठी वाजवी काळजी घेणे हे स्वाक्षरीधारकाचे कर्तव्य आहे आणि ती दुसऱ्याच्या हाती पडली तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवले पाहिजे. त्या टोकनाने काढलेल्या सहीने कंपनीचा पत्ता बदलता येतो, संचालक नेमता येतो, कर्जासाठी तारण नोंदवता येते. सही आपली, पण हात दुसऱ्याचा, असा वाद पुढे उभा राहतो तेव्हा “मला काहीच माहीत नव्हते” हे वाक्य बचावापेक्षा कबुलीजबाबासारखे वाचले जाते.

त्याच कायद्याचे कलम ८५ या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. कंपनीकडून कायद्याचा भंग झाला आणि तो संचालकाच्या संमतीने, संगनमताने किंवा त्याच्या हयगयीमुळे झाला असे सिद्ध झाले, तर तो संचालकही दोषी ठरतो. संमती आणि संगनमत सिद्ध करणे अवघड असते. हयगय मात्र कागदावर आपोआप उमटलेली असते, कारण ज्या कंपनीच्या पाच वर्षांच्या इतिवृत्तांत माहितीच्या सुरक्षेचा एकदाही उल्लेख नाही, तिच्या संचालकांनी काळजी घेतली होती असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

एक प्रसंग मी जवळून पाहिला आहे. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. शनिवारी संध्याकाळी सर्व्हरवरच्या सगळ्या फायली कुलूपबंद झाल्या आणि पडद्यावर खंडणीची मागणी आली. अकाउंटंटने थोरल्या संचालकांना फोन केला. त्यांची पहिली सूचना होती, “कोणाला काही बोलू नका, सोमवारी बघू. गिऱ्हाइकांना कळलं तर ऑर्डरी जातील.” ही प्रतिक्रिया अगदी माणसाची आहे, पण ती कायद्यात बसत नाही. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत तिला कळवावे लागते आणि संगणक प्रणालीचे लॉग्ज, म्हणजे तिच्या वापराच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, १८० दिवस जपून ठेवावे लागतात. घटना शनिवारी संध्याकाळी लक्षात आली, तर सहा तास मध्यरात्रीच्या सुमारास संपतात. धाकट्या भावाने हे कुठेतरी वाचले होते, त्याने रात्रीच ई-मेल पाठवला आणि पुढे विमा कंपनीच्या सर्वेक्षकाने पहिल्यांदा मागितला तो कागद तोच होता.

कामगारांची आधार कार्डे, बँक खाती आणि वैद्यकीय तपासणीचे अहवाल ज्या फायलींत असतात, त्यांच्याबाबत आता २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य कर्तव्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे. वाजवी सुरक्षा व्यवस्था न ठेवल्याबद्दल अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तो कंपनीला होणार असला, तरी एवढा दंड कंपनीवर ओढवून घेणाऱ्या मंडळाने कलम १६६ मधली काळजी घेतली होती का, हे भागधारक विचारणारच.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे जग वेगळे. तेथे सेबी या बाजार नियामकाचे २०१५ चे अंतर्गत व्यापारविरोधी नियम लागू होतात आणि त्यांचा गाभा असा की केवळ शेअरच्या भावावर परिणाम करू शकणाऱ्या अप्रकाशित माहितीवर शेअर्सची खरेदी-विक्री करणेच नव्हे, तर योग्य कामाशिवाय ती दुसऱ्याला सांगणे हादेखील स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे संचालकाने एकही शेअर विकत घेतला नाही, फक्त मित्राला जेवताना सांगितले, तरी नियमभंग झाला. सेबी कायद्याच्या कलम १५जी नुसार दंड किमान दहा लाख रुपये आणि कमाल पंचवीस कोटी किंवा मिळवलेल्या नफ्याच्या तिप्पट, यांपैकी जे जास्त असेल तेवढा.

२०१७ च्या नोव्हेंबरमध्ये काही मोठ्या कंपन्यांचे तिमाही आकडे जाहीर होण्यापूर्वीच व्हॉट्सॲपवरच्या खासगी गटांत फिरत असल्याची बातमी रॉयटर्सने दिली. त्या डिसेंबरमध्ये सेबीने ॲक्सिस बँकेला आपली व्यवस्था बळकट करण्याचा आणि गळती कोठून झाली याची अंतर्गत चौकशी करण्याचा आदेश दिला. संदेश पुढे ढकलणाऱ्या काही जणांना पुढे सेबीने दंड केला, पण मार्च २०२१ मध्ये रोखे अपील न्यायाधिकरणाने तो रद्द केला. संदेशातली माहिती कंपनीतूनच फुटलेली आहे आणि ती तशी आहे हे पाठवणाऱ्याला ठाऊक होते, हे सिद्ध झालेले नव्हते. मला हा निकाल योग्यच वाटतो, पण त्याचा दुसरा अर्थही स्पष्ट आहे. माहिती एकदा दाराबाहेर पडली की तिचा माग काढून कोणाला पकडणे जवळजवळ अशक्य, म्हणून पहारा दाराच्या आतच हवा. १ एप्रिल २०१९ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीचा रोख तोच होता. अशी माहिती कोणाकोणाला दिली त्यांची नावे आणि पॅन, वेळेच्या शिक्क्यासह आणि नंतर फेरफार करता येणार नाही अशा रीतीने नोंदवून ठेवण्याची जबाबदारी संचालक मंडळावर टाकण्यात आली. ही नोंदवही बाहेरच्या संस्थेकडे सोपवता येत नाही आणि ती किमान आठ वर्षे जपावी लागते. लेखापरीक्षक, मर्चंट बँकर, वकील, छपाईवाला, सगळ्यांची नावे त्यात यावी लागतात. कंपनी सेक्रेटरीच्या दृष्टीने हे कंटाळवाणे काम आहे, पण चौकशी आली की हीच वही बोलते.

नामनिर्देशित संचालकाची अडचण मला सर्वांत खरी वाटते. एखाद्या गुंतवणूक फंडाने पैसे घातले की त्याचा एक माणूस मंडळावर येतो. त्याचा पगार फंड देतो, बढती फंड देतो, आणि बैठक संपल्यावर “काय झालं?” असे विचारणारा साहेबही फंडातच बसलेला असतो. कायदा मात्र त्याला कमी प्रतीचा संचालक मानत नाही. कलम १६६ त्याला जसेच्या तसे लागू आहे आणि स्वतंत्र निर्णय घेण्याचे बंधनही. त्याने बैठकीचे कागद सरळ फंडाकडे पाठवले आणि त्या फंडाची गुंतवणूक प्रतिस्पर्धी कंपनीतही असली, तर काय होईल हे सांगायला नको. यावरचा उपाय म्हणजे भागधारकांच्या करारात आणि मंडळाच्या ठरावात आधीच लिहून ठेवणे की कोणती माहिती, फंडातल्या कोणाला, कशासाठी देता येईल आणि कोणत्या विषयाच्या वेळी तो संचालक खोलीबाहेर जाईल. असे कागद करताना प्रवर्तकांना संकोच वाटतो, कारण पैसे नुकतेच आलेले असतात. नंतर बिनसले की हेच कागद शोधले जातात.

लेखी कागदाचे मोल किती असते याचे उत्तम उदाहरण कल्याणचेच आहे. सेंच्युरी कंपनीच्या तेथील कारखान्यात टायरसाठी लागणारा कॉर्ड यार्न बनवण्याचे तंत्र परदेशी कंपन्यांकडून आले होते आणि ते गुप्त राखण्याची, एवढेच नव्हे तर कर्मचाऱ्यांकडूनही तशी हमी घेण्याची अट करारात होती. त्याप्रमाणे कंपनीने १९६३ मध्ये शिफ्ट सुपरवायझर निरंजन शंकर गोलिकरी यांच्याशी पाच वर्षांचा करार केला. त्या मुदतीत दुसरीकडे तशी नोकरी करायची नाही आणि तंत्र उघड करायचे नाही, असे त्यात होते. प्रशिक्षणानंतर ते मुदतीआधीच राजस्थानातल्या कोटा येथील प्रतिस्पर्धी कारखान्यात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि १९६७ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल लागला. नोकरीच्या मुदतीपुरते घातलेले असे बंधन करार कायद्याच्या कलम २७ मधल्या व्यवसायबंदीत मोडत नाही, असे न्यायालयाने ठरवले. मुदतीनंतर मात्र कोणालाही धंदा किंवा नोकरी करण्यापासून रोखता येत नाही. तेथे कंपनीच्या हाती उरते ती केवळ गोपनीयतेची अट. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे अजूनही स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये आपल्या २८९ व्या अहवालात तसा मसुदा सुचवला आहे. तोपर्यंत मंडळाने वेळेवर करून घेतलेला करार हाच आधार, आणि तो करून न घेणे हीसुद्धा संचालकांची हयगयच.

गोपनीयतेच्या नावाखाली काही संचालक लेखापरीक्षकालाच कागद दाखवत नाहीत, हा उलटा प्रकार. कलम १४३ प्रमाणे लेखापरीक्षकाला पुस्तके केव्हाही पाहण्याचा अधिकार आहे आणि कलम १२८ प्रमाणे कामकाजाच्या वेळेत कोणत्याही संचालकालाही. एका भावाने दुसऱ्या संचालक भावाचा टॅलीचा पासवर्ड बदलणे हे माहितीचे संरक्षण नव्हे. भागधारकाला मात्र मंडळाच्या बैठकीचे इतिवृत्त मागण्याचा हक्क नाही. तो फक्त सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त पाहू शकतो. घरच्या कंपनीत काका भागधारक असतात आणि पुतण्या संचालक असतो, तेव्हा हा फरक समजावून सांगताना माझी नेहमीच दमछाक होते.

संचालक पद सोडतो तेव्हा बहुतेक कंपन्या संचालकांमधला बदल कळवणारा डीआयआर-१२ हा फॉर्म तीस दिवसांत भरतात आणि विषय संपला असे मानतात. त्याचा ई-मेल मात्र चालूच राहतो, बँकेच्या संदेशांसाठी त्याचाच मोबाइल क्रमांक असतो, क्लाउडवरच्या फोल्डरला त्याचा शिरकाव असतो आणि संचालकांच्या व्हॉट्सॲप गटातून त्याला काढणे कोणालाच प्रशस्त वाटत नाही. राजीनाम्याची नोंद घेणाऱ्या ठरावातच ही सगळी प्रवेशद्वारे कोणी, कोणत्या तारखेपर्यंत बंद करायची आणि त्याच्याकडचे कागद व फायली परत मिळाल्याची पोच कोणी घ्यायची, हे मी आता लिहून घेते. जाणाऱ्याच्याही ते फायद्याचेच असते. कलम १६८ प्रमाणे राजीनाम्यानंतरही त्याच्या कारकिर्दीत घडलेल्या गुन्ह्यांची जबाबदारी त्याच्यावर राहते आणि सेबीच्या नियमांत मागच्या सहा महिन्यांत कंपनीशी संबंध असलेली व्यक्तीही संबंधितच धरली जाते. त्यामुळे नंतर काही फुटले, तर त्या तारखेला आपल्या हाती काहीही उरले नव्हते हे दाखवणारी पोच त्याच्याजवळ असलेली बरी.